जाळायला सांगितलेला तुकडा

आत्याला सिनेमाच्या संग्रहालयात न्यायची कल्पना माझी. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर घरचे आजही माझ्याच डोक्यावर फोडतात, आणि मी खुशाल फोडून घेते.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाई. नवा चष्मा फार मनासारखा झाला म्हणून त्यांनी मला दोन पास आणून दिले. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "जुने कॅमेरे बघण्यात रविवार कोण घालवतो?" मुलीची परीक्षा तोंडावर आलेली. मग जिना चढून वर गेले आणि आत्याला विचारलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय शहात्तर. आमच्याच इमारतीत वरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. एकतीस वर्षं तिने फिल्मच्या लॅबमध्ये निगेटिव्ह कापायचं काम केलं. शूटिंगची मूळ फिल्म, म्हणजे निगेटिव्ह, एकच असते. दिग्दर्शक आणि संकलक तिच्या नकलेवर हवी तेवढी कापाकापी करतात, आणि सगळं पक्कं झालं की त्या नकलेबरहुकूम खरी फिल्म कापून जोडायची. तिथे चूक झाली की झाली. कापताना गेलेली चौकट, म्हणजे फिल्मवरचं एक चित्र, परत येत नाही. म्हणून ज्याचा हात थरथरत नाही आणि ज्याचं तोंड बंद राहतं अशालाच ते काम देत. आत्याचा हात कधी थरथरला नाही. तोंडाची गोष्ट वेगळी. लॅबमध्ये तिला सगळे 'कात्री' म्हणायचे, ते काही नुसतं कामामुळे नव्हे.

"संग्रहालय?" ती म्हणाली. "म्हणजे आता आम्हाला काचेत ठेवलंय तर. चल, बघू तरी नीट ठेवलंय का."

जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत ते संग्रहालय केलं आहे. खाली कॅमेरे, पोस्टरं आणि नट्यांचे कपडे. वर साठ खुर्च्यांचं छोटं चित्रपटगृह. तळघरात फिल्मचे डबे, तिथे आपल्याला जाता येत नाही. आत्या कॅमेऱ्यांपुढून न थांबता गेली आणि निगेटिव्ह कापायच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. टेबलाशी पांढरा कोट घातलेली प्लास्टिकची बाई बसवली होती.

"हातात मोजे नाहीत हिच्या," आत्या मोठ्याने म्हणाली. "आणि रीळ उलटं लावलंय. पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती हिला."

शेजारची दोन माणसं हसली. आत्या हसली नाही.

चित्रपटगृहाच्या दाराशी पाटी होती. दुपारी तीनला एक जुना चित्रपट होता, एका शिंपिणीचा. बावन्न वर्षांपूर्वी तो खूप चालला होता. पाटीवर लिहिलं होतं, 'मूळ आणि संपूर्ण स्वरूपात'. आत्याने पाटी वाचली. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि परत वाचली.

"मूळ?" ती म्हणाली. मग तडक आत जाऊन बसली.

सुरुवातीला तिशीची एक मुलगी पुढे येऊन बोलली. तळघरातली फिल्म तपासायचं काम तिचं. आपण हा चित्रपट निगेटिव्हवरून सहा महिने खपून कसा स्वच्छ केला, ते तिने सांगितलं. बोलताना हात सारखे मागे बांधत होती, आवाजही बारीक. मग दिवे गेले.

गोष्ट साधी होती. एका बाईला नवरा घराबाहेर काढतो. ती शिवण शिकते, घरोघरचे कपडे शिवते, शेवटी भर रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकते. सात वर्षांनी नवरा दुकानात येऊन उभा राहतो. शेजारीपाजारी, तिचा स्वतःचा भाऊ, सगळे म्हणतात, झालं गेलं विसर. ती गळ्यातली मोजपट्टी काढून टेबलावर ठेवते, डोळे पुसते आणि त्याच्यामागून निघून जाते. समाप्त. माझ्या पलीकडच्या बाई मुसमुसत होत्या. खरं सांगायचं तर मीही रुमाल शोधत होते.

दिवे लागले आणि आत्या उभी राहिली.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. ओरडली नाही, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "पाटीवर मूळ लिहिलंय. हा शेवट मूळ नाही. मूळ शेवट मी माझ्या हाताने कापलाय."

सगळ्या माना वळल्या. मी तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला. मागून कुणीतरी "आजी, घरी जा आता," म्हणालं आणि दोन-तीन जण फिदीफिदी हसले. दारावरचा रखवालदार आत आला. पण ती फिल्म तपासणारी मुलगी त्याच्याआधी आमच्यापाशी पोचली.

"आजी, तुम्ही लॅबमध्ये होतात?"

"आजी तुझ्या घरी. मला मावशी म्हण. शेवटचं रीळ तू तपासलंस?"

"हो."

"नवरा दुकानाचं दार ढकलतो तिथे जोड आहे. जोडाच्या अलीकडे फिल्मच्या कडेला कारखान्यातूनच छापलेले जे आकडे आहेत, ते पलीकडे पुढे चालत नाहीत. पलीकडची मालिकाच वेगळी. का वेगळी, हे विचारलंस कधी स्वतःला?"

मुलीने खिशातून तळघराची किल्ली काढली. "तुम्ही इथेच थांबा." वीस मिनिटांनी ती परत आली तेव्हा चेहरा बदललेला होता. आकडे खरोखरच वेगळे होते. शेवटची अडीच मिनिटं दुसऱ्या फिल्मवर, नंतर कधीतरी घेतलेली होती.

मग आत्याने सांगितलं. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

चित्रपट पुरा झाल्यावर निर्मात्याने तो वितरकांना दाखवला. त्यांनी शेवट बघून हात वर केले. हा शेवट असेल तर घरचे लोक बायकामुलांना घेऊन येणार नाहीत, म्हणाले. निर्मात्याने चार दिवसांत नवा शेवट घेतला. दिग्दर्शक ऐकेना, तेव्हा त्याच्याशिवाय घेतला. त्यानंतर त्या दिग्दर्शकाने लॅबमध्ये पाऊल ठेवलं नाही. जुना शेवट निगेटिव्हमधून कापून काढायचं काम आत्याकडे आलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. निर्मात्याच्या कचेरीतला एक माणूस टेबलाशी येऊन उभा राहिला. कापलेला तुकडा कचऱ्याच्या पिंपात टाकायचा, संध्याकाळी पिंप जाळायचं, आणि हे सगळं त्याने डोळ्यांनी बघायचं, असा हुकूम होता.

"मग?" मुलीने विचारलं.

"त्याने बघितलं की. मी हातातली फिल्म पिंपात टाकली. ती काळी कोरी फिल्म होती. त्याला काय कळतंय? खरा तुकडा मी एका जाहिरातीच्या रिळात आत, अगदी गाभ्याशी गुंडाळला आणि वरून जाहिरात गुंडाळली. जाहिरातीचं रीळ कोण कशाला उघडून बघतंय?"

"पण तुम्ही असं का केलंत?"

"मला कापायला सांगितलं, मी कापलं," आत्या म्हणाली. "जाळणं माझं काम नव्हतं."

लॅब बंद झाली तेव्हा सगळे डबे एका गोदामात गेले. पुढे गोदामही गेलं, तेव्हा सगळी फिल्म वितळवून टाकली असं तिच्या कानावर आलं. म्हणून ती गप्प राहिली होती. पण मुलगी म्हणाली, वितळवली नाही. त्या गोदामातला सगळा माल इथे तळघरात आहे.

"साबणाची जाहिरात होती," आत्या म्हणाली. "डब्यावरचा नंबर मी सांगते."

"मावशी, डबे गंजले होते. आम्ही सगळी रिळं नव्या डब्यांत घातली. जुने नंबर कुठेच नाहीत. आणि जाहिराती अजून कुणी बघितलेल्याच नाहीत. तीनशे चाळीस डबे आहेत."

"मग तीनशे चाळीस बघू."

संग्रहालयाच्या संचालकांनी आम्हाला खोलीत बोलावलं तेव्हा मला वाटलं होतं, आता खूश होतील. ते पन्नाशीचे, सभ्य, मऊ बोलणारे गृहस्थ होते. चहा मागवला. मग म्हणाले की शेवट पुन्हा घेणं ही सिनेमाच्या धंद्यात रोजची गोष्ट आहे, आकडे वेगळे असल्याने दुसरा शेवट होता असं सिद्ध होत नाही, आणि बावन्न वर्षांपूर्वीच्या आठवणीवर तीनशे चाळीस डबे उघडायला त्यांच्याकडे माणसं नाहीत.

"माणसं मागितलीत कोणी? मी उघडते," आत्या म्हणाली.

"बाहेरच्या माणसाला तळघरात परवानगी नाही, आजीबाई."

दाराशी उभी असलेली ती मुलगी खाकरली. "सर, स्वयंसेवकांना आहे. अर्ज भरावा लागतो."

संचालकांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मलाही कळला. "वयाची काही अट असेल ना?"

"नाही सर. मी बघून घेतलंय."

आत्याने तिथेच बसून अर्ज भरला. 'अनुभव' या रकान्यात तिने लिहिलं, एकतीस वर्षं. 'छंद' या रकान्यात लिहिलं, नाही.

पुढच्या सोमवारपासून ती तळघरात जायला लागली. आठवड्यातले चार दिवस, दहा ते एक. घरी माझ्या वडिलांनी आकाशपाताळ एक केलं. "या वयात तळघरात बसून फिल्म गुंडाळणार? लोक काय म्हणतील?" आत्या म्हणाली, "लोकांना माझ्याकडे पाठव, मी बोलते त्यांच्याशी." वडील माझ्याकडे वळले. मी लगबगीने दुकानाला निघून गेले.

शनिवारी माझी अर्धी सुट्टी असते, तेव्हा मी तिला आणायला जायची. तळघर थंड. आत शिरताच नाकाला आंबट, व्हिनेगरसारखा वास यायचा. जुनी फिल्म आंबते, तो तिचा वास. लांबलचक टेबल, त्याच्या दोन टोकांना हाताने फिरवायच्या दोन चकत्या, मधे दुधी काच आणि तिच्याखाली दिवा. आत्या पांढरे सुती मोजे घालून बसायची. डाव्या हाताने फिल्म कडांवर अलगद धरायची, उजव्या हाताने चकती फिरवायची. एवढी घाईची बाई, पण तिथे अजिबात घाई करत नसे. मुलगी शेजारी बसून वहीत लिहायची. कुठल्या डब्यात काय आहे, किती फूट आहे, किती आंबलंय. त्या जाहिरातींची पहिली नोंद अशी झाली.

आत्याला निगेटिव्ह सरळ वाचता येतं, हेही मला तिथेच कळलं. आपल्याला त्यात काळे दात आणि पांढरे केस दिसतात, भुताटकी वाटते. ती नुसती काचेवर बघून म्हणायची, "ही हसतेय, पण मनापासून नाही. पैसे कमी दिलेले दिसतात." मुलगी सुरुवातीला भीतभीत हसायची. महिन्याभरात ती तिला उलट उत्तरं द्यायला लागली, आणि आत्याला ते फार आवडलं.

सगळ्या रिळांची वरची टोकं बघून साबणाच्या जाहिराती आधी वेगळ्या काढल्या, त्या एकसष्ट निघाल्या. एकसष्टच्या एकसष्ट गाभ्यापर्यंत उलगडून झाल्या. तुकडा नव्हता.

त्या शनिवारी मी गेले तेव्हा आत्या मोजे काढून बसली होती. मुलगी चहा आणायला गेली होती. टेबलावरचा दिवा बंद होता. तिला असं हात मांडीवर ठेवून बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"कदाचित तो माणूस गेल्यावर मीच घाबरले असेन," ती म्हणाली. "कदाचित खरोखरच टाकला असेल पिंपात. इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की नाही टाकला, त्यामुळे आता तेच खरं वाटतंय. असं होतं माणसाचं."

तिथे मी चुकीचं बोलले. म्हटलं, "जाऊ दे आत्या. केलंस तेवढं पुष्कळ झालं. कुणी काही म्हणणार नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरकले.

"कुणी काही म्हणणार नाही, हेच तर बावन्न वर्षं चाललंय," ती म्हणाली आणि मोजे उचलले. "साबण संपले. आता तेलं घेऊ. तेलं झाली की पंखे. दिवा लाव."

केसांच्या तेलात काही मिळालं नाही. दातांच्या पावडरीत काही नाही. अकराव्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, मी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची चौकट बसवत असताना फोन वाजला. तळघरातली ती मुलगी होती. तिच्या हातून आत्याने फोन घेतला.

"साबण नव्हता, पंखा होता," ती म्हणाली. "बावन्न वर्षांत एवढी चूक चालते. ये लवकर."

मी मालकाला पोट दुखतंय सांगून निघाले. तळघरात काचेवर फिल्मचा काठ ठेवून मुलगी भिंगातून आकडे वाचत होती आणि आत्या कागदावर उतरवलेले शेवटच्या रिळाचे आकडे सांगत होती. शेवटच्या रिळात जोडाच्या अलीकडे जो आकडा संपत होता, त्याच्या बरोबर पुढच्या आकड्यापासून हा तुकडा सुरू होत होता. मधे एकच चौकट गेलेली. कापताना जाते तेवढीच. एवढं लागल्यावर आणखी पुरावा तो कसला? मुलीने ते सगळं नोंदवहीत लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि आत्याचीही सही घेतली.

फिल्म कडेने आक्रसली होती, थोडी आंबली होती, पण चित्र शाबूत होतं. मुलीने ते यंत्रावर चढवून संगणकावर घेतलं. आवाज नव्हता. आवाजाची फिल्म वेगळी असते आणि ती तेव्हा पिंपात खरोखरच जळली होती.

संचालकांनी अडीच मिनिटं उभ्याने बघितली. बघून झाल्यावर खुर्चीत बसले. मनापासून सांगते, त्यांचे डोळे चमकले होते. पण ते पाच मिनिटंच. मग ते म्हणाले की या गोष्टीचा सगळ्या बाजूंनी विचार करावा लागेल. चित्रपटगृह उभं राहिलं ते त्याच निर्मात्याच्या नातवंडांच्या देणगीतून. त्यांच्या आजोबांनी शेवट बदलला, पुरावा जाळायला लावला, हे असं पडद्यावर सांगायचं? तुकडा नीट जपून ठेवू, अभ्यासकांना मागणीनुसार दाखवू. नोंदवहीत सध्या फक्त 'पंख्याची जाहिरात, आत अनोळखी तुकडा' एवढंच लिहावं.

"सर, नोंद झालीये," मुलगी म्हणाली. आवाज बारीकच होता, पण तिने हात मागे बांधले नव्हते. "खाडाखोड करता येत नाही. नियम तुमचाच आहे."

संचालक आत्याकडे वळले. "बाई, तुमचं योगदान मोठं आहे. आम्ही तुमचा जाहीर सत्कार करू. तुमच्यावर एक छोटी फिल्मसुद्धा—"

"सत्कार तुमच्याजवळ ठेवा," आत्या म्हणाली. "पाटी बदला. मूळ हा शब्द काढा, नाहीतर मूळ दाखवा. दोन्हीतलं एक करा. तिसरं मला चालणार नाही."

"पाट्या छापून झाल्यात. अजून दोन महिने दर रविवारी खेळ आहे."

"बरं," आत्या म्हणाली आणि उठली. ती इतक्या सहज उठली की संचालकांना हायसं वाटलं असावं. मला वाटलं नाही. मी तिला लहानपणापासून ओळखते.

रविवारी तिने तिकीट काढलं. पास नव्हे, तिकीट. मधल्या रांगेतली कडेची खुर्ची घेतली. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि ती उठून लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

"मंडळी, दोन मिनिटं. हा शेवट खोटा आहे. खरा शेवट याच इमारतीत, तुमच्या पायाखाली, तळघरात आहे. मी तो कापला, मीच शोधून काढला. तो तुम्हाला दाखवत नाहीत. का दाखवत नाहीत ते खाली संचालकांच्या खोलीत जाऊन विचारा. घरी जायची घाई असेल तर जा."

त्या दिवशी दोघं जण खाली जाऊन विचारून आले. पुढच्या रविवारी नऊ. तिसऱ्या रविवारी संचालकांनी रखवालदाराला सांगून ठेवलं की बाई बोलायला लागल्या की बाहेर काढायचं. रखवालदार उंच, मिशाळ माणूस. तो आत्याच्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मावशी, मला बाहेर काढायला सांगितलंय. पण माझा गुडघा दुखतोय, मला यायला वेळ लागतो. तेवढ्यात उरका." आणि तो खरोखरच दारापर्यंत लंगडत गेला आणि तिथून लंगडत परत आला.

घरी वडिलांनी बोलणं टाकलं होतं. चौथ्या रविवारी मात्र ते स्वतःच कोट घालून जिन्याखाली उभे होते. "एकटीने कशाला जायचं," एवढंच म्हणाले. चित्रपटात झोपले. आत्या बोलायला उठली तेव्हा जागे झाले आणि मागच्या रांगेतला एक जण "बसा खाली" म्हणाला, तेव्हा त्याच्यावर असे खेकसले की मला घरचेच दिवस आठवले.

पाचव्या रविवारी साठच्या साठ खुर्च्या भरल्या. बाहेरही लोक थांबले होते. आत्या उठली, तिचं ते दोन मिनिटांचं बोलून झालं आणि ती बसली. आणि कुणीच उठलं नाही. दिवे लागलेले, पडदा पांढरा, आणि साठ माणसं हाताची घडी घालून बसलेली. एक गर्भार बाई म्हणाली, "मग दाखवा ना. आम्ही थांबतो." दुसरा कुणी म्हणाला, "तिकीट मूळ चित्रपटाचं घेतलंय आम्ही."

रखवालदार संचालकांना घेऊन आला. या वेळी लंगडला नाही. संचालक दारात उभे राहिले. त्यांनी खुर्च्यांकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. मला त्यांची कीव आली. चांगला माणूस होता, फक्त फार घाबरायचा. मागे यंत्राच्या खोलीच्या खिडकीत ती मुलगी उभी होती. तिने संगणकावर घेतलेला तुकडा यंत्रात आधीच लावून ठेवला आहे हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"दिवे घालवा," संचालक म्हणाले.

पडद्यावर नवरा दार ढकलून आत आला. आवाज नव्हता, नुसतं यंत्र घरघरत होतं. मग अंधारातून आत्याचा आवाज आला. कोरडा, नाटकी अजिबात नाही. पडद्यावर ओठ हलले की ती शब्द सांगायची. तेव्हा संकलनाच्या खोलीत तिने तो प्रसंग पंधरा-वीस वेळा ऐकला होता.

"मी चुकलो, तो म्हणतो. घरी चल."

पडद्यावरची शिंपीण त्याच्याकडे बघते. पाठीमागे शेजारी, भाऊ, सगळे वाट बघत उभे. ती गळ्यातली मोजपट्टी काढते. ती टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर येते आणि त्याच्या छातीचं माप घेते. मग खांद्याचं. मग बाहीचं. तो गोंधळून हात वर धरतो, कारण माप घेताना सगळेच धरतात. ती वहीत आकडे लिहिते, पावती फाडते आणि त्याच्या हातात देते.

"मंगळवारी तयार होईल, ती म्हणते," आत्या म्हणाली. "पावती हरवू नका. पावतीशिवाय कपडा मिळत नाही."

तो तसाच उभा असतो. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघते आणि रांगेतल्या पुढच्या गिऱ्हाइकाला बोटाने बोलावते. पडदा काळा.

आधी त्या गर्भार बाई हसल्या. पोट धरून, मोकळ्याने हसल्या आणि त्यांच्यामागे अर्धं चित्रपटगृह हसलं. उरलेलं अर्धं हसलं नाही. तेही बरोबरच होतं.

पुढच्या आठवड्यात पाटी बदलली. निर्मात्याच्या घरून एक कडक पत्र आलं, असं मुलीने सांगितलं. संचालकांनी काय उत्तर दिलं ते माहीत नाही, पण त्यांची नोकरी शाबूत आहे आणि तिचीही. आता दोन्ही शेवट एकामागून एक दाखवतात. जाहिरातींचे उरलेले डबे उघडायचं काम आत्या आणि ती मुलगी अजून करतायत. स्वयंसेवकाच्या अर्जात त्यांनी आता वयाची अट घातली आहे, ती नव्या लोकांना लागू आहे म्हणे.

पण मला सांगायचंय ते त्या पाचव्या रविवारचं. बाहेर पायऱ्यांवर लोक घोळके करून बोलत होते. सत्तरीचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आत्यापाशी आले. नीट इस्त्री केलेले कपडे, चेहरा लालबुंद.

"बाई, तुम्ही शोधलंत ते ठीक. पण शेवट पहिलाच बरा होता. सात वर्षांनी माणूस दारात येतो, चुकलो म्हणतो, त्याला माफ करायला नको? हा काय निर्दयपणा?"

"निर्दय कुठे?" आत्या म्हणाली. "कपडा शिवून देतेय की. मंगळवारी."

"थट्टा करू नका. बाईमाणसाने थोडं—"

"अहो, पुरे," त्यांची बायको म्हणाली. ती इतका वेळ खाली बघत होती. "तिने बरोबर केलं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"एवढं कळतंय," ती म्हणाली आणि पर्स खांद्यावर नीट करून चालायला लागली. गृहस्थ तिच्यामागे गेले, हातवारे करत. फुटपाथवर दोघं थांबली, भांडली, पुन्हा चालायला लागली, पुन्हा थांबली. आमची बस समोर येऊन उभी राहिली. वडील म्हणाले, चला, चला. आत्या पायरीवरून हलेना. ती दोघं कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली, आणि तोवर बस निघून गेली होती.